फलाट आणि गाडी यांच्यातील एक वीत

परदेशवारी करून आलेली आपली माणसे तिथल्या रेल्वेचे कौतुक करताना एक वाक्य हमखास बोलतात : "तिकडची संस्कृतीच वेगळी हो, अपंग माणसाला किती मान देतात!" या वाक्याला आमचा आक्षेप आहे. श्रेय संस्कृतीला दिले की ते लढणाऱ्यांकडून काढून घेतले जाते. आपल्या बाबतीतही हेच सांगितले जाते. शिक्षण आले, रेल्वे आली, शहरे वाढली आणि अस्पृश्यता आपोआप कमी झाली, असे म्हणणारे प्राध्यापक आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात ऐकले आहेत. महाडच्या तळ्याचे पाणी आपोआप मिळाले नव्हते. लंडनच्या स्टेशनवरचा रॅम्पही आपोआप आलेला नाही.

हे आम्ही नुसते वाचून लिहीत नाही. गेल्या वर्षी आम्ही मायलेकी तीन आठवडे ब्रिटनमध्ये होतो. आमचा धाकटा भाऊ तिथे रुग्णालयात नर्स आहे. आई नगरपालिकेत तीस वर्षे सफाई कामगार होती. नाल्या उपसून, ओझी उचलून तिचे दोन्ही गुडघे झिजले. काठी धरून ती दहा-पंधरा पावले चालते. जिना तिला चढता येत नाही. भावाने तिच्यासाठी जुनी व्हीलचेअर विकत घेऊन ठेवली होती. आईच्या मागण्या दोनच होत्या. बाबासाहेब शिकत असताना जिथे राहिले ते घर पाहायचे, आणि वूल्व्हरहॅम्प्टनला आपल्या लोकांनी उभारलेल्या विहारात वंदना घ्यायची. ही दोन ठिकाणे गाठताना जे दिसले, त्यावर हा लेख आहे.

बाबासाहेब १९२१-२२ या काळात १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. भुयारी रेल्वेचे जवळचे स्टेशन चॉक फार्म. आम्ही नकाशा उघडला. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर काही स्टेशनांच्या नावापुढे व्हीलचेअरची खूण असते. चॉक फार्मपुढे ती नव्हती.

ही रेल्वे १८६३ साली सुरू झाली. जगातली पहिली भुयारी रेल्वे म्हणून तिचा गौरव होतो. तिची २७२ स्टेशने आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्टेशनांवरच पायरी न चढता-उतरता जाता येते. बाकीच्या ठिकाणी कुठे जिना, कुठे सरकता जिना, कुठे लिफ्ट आहे पण तिच्या आधी किंवा नंतर पायऱ्या. म्हणजे ज्या देशाच्या संस्कृतीचे आपण गोडवे गातो, त्या देशाच्या राजधानीत भुयारी रेल्वेची बहुतेक स्टेशने आमच्या आईला बंद होती.

त्या नकाशावरची आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. व्हीलचेअरची खूण दोन प्रकारची आहे. निळ्या गोलात पांढरी खुर्ची असेल, तर रस्त्यापासून थेट गाडीपर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात निळी खुर्ची असेल, तर रस्त्यापासून फक्त फलाटापर्यंत पायरी नाही. पुढे फलाट आणि गाडी यांच्यात फट किंवा उंचीचा फरक आहे. कुठे बोटभर, कुठे वीतभर. धडधाकट माणसाच्या तो लक्षातही येत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाचा प्रवास तिथे संपतो. त्या नकाशाने निदान खरे सांगितले आहे : फलाटापर्यंत आणणे वेगळे आणि गाडीत बसता येणे वेगळे. आरक्षणातून प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात, मेसमध्ये, प्रयोगशाळेत वेगळी वागणूक मिळाली, हा अनुभव असलेल्या आपल्या मुलांना यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

किंग हेन्रीज रोडला आम्ही बसने गेलो. लंडनच्या सगळ्या नेहमीच्या बसगाड्या २००५ च्या अखेरपासून खालच्या तळाच्या आहेत. चालक बटण दाबतो, दारातून रॅम्प बाहेर येतो, खुर्ची आत जाते, तिच्यासाठी जागा राखलेली असते. कुणाचा हात धरावा लागत नाही, कुणाला विनंती करावी लागत नाही. आईने पहिल्या दिवशी दोनदा वाकून चालकाकडे पाहिले. त्याचे लक्षही नव्हते. त्याच्यासाठी ती इतरांसारखीच एक प्रवासी होती. आईला हे फार आवडले.

वूल्व्हरहॅम्प्टनला मात्र मोठ्या रेल्वेनेच जायचे होते. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून थेट गाडी आहे. ब्रिटनमध्ये अशा प्रवासासाठी सहाय्य आधी नोंदवता येते. ही सेवा मोफत आहे, आणि २०२२ पासून गाडी सुटण्याच्या दोन तास आधीपर्यंत नोंद करता येते. त्याआधी जास्त वेळ लागे. नोंद न करता गेलात तरी मदत मागण्याचा हक्क आहेच. ठरल्या वेळी एक तरुण कर्मचारी हातात घडीचा रॅम्प घेऊन आला. त्याने तो डब्याच्या दारात लावला, खुर्ची आत नेली, राखीव जागेवर उभी केली आणि उतरायच्या स्टेशनला डब्याचा क्रमांक कळवला.

आईला संकोच वाटत होता. "आपल्यासाठी त्या पोराले कायले तरास देतं? धरून धरून चढतो ना मी," ती म्हणत होती. आयुष्यभर कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, या स्वाभिमानावर ती जगली आहे. आम्ही काही बोललो नाही. गाडी सुटली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "याले याचा पगार भेटते ना?" आम्ही हो म्हणालो. त्यावर आई म्हणाली, "मंग उपकार कायचे? मी तीस वर्षं नाल्या काढल्या, ते काय गावावर उपकार होते? ड्यूटी होती. याचीबी ड्यूटी हाये."

हक्क आणि दया यांतला फरक आम्ही एम.ए.च्या दोन वर्षांत इतक्या थोडक्यात शिकलो नव्हतो.

आता इतिहास पाहू. ब्रिटनमध्ये रेल्वेला दीडशे वर्षे होऊन गेली तरी व्हीलचेअरवरचे प्रवासी डब्यात नव्हते. ते गार्डच्या डब्यात असायचे. टपालाच्या थैल्या, सायकली, पार्सले आणि माणूस, सगळे एकत्र. खिडकी नाही, उबेची सोय नाही, संडास नाही. माणसाला सामान समजणारी ही पद्धत १९७०-८० च्या दशकांतही चालू होती. तिकडची संस्कृती तेव्हा काय करत होती, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांना विचारायला हवा.

१९७२ मध्ये पॉल हंट नावाच्या अपंग कार्यकर्त्याने 'द गार्डियन' वृत्तपत्रात पत्र लिहून अपंगांनी स्वतःची संघटना उभारावी असे आवाहन केले. त्यातून एक छोटी संघटना उभी राहिली. तिच्या प्रमुख संस्थापकांमध्ये व्हिक फिंकेलस्टाईन होते. हे नाव आपल्या तरुणांना माहीत असायला हवे. ते दक्षिण आफ्रिकेचे. स्वतः व्हीलचेअर वापरत. वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, त्यांच्यावर बंदी हुकूम निघाला आणि १९६८ मध्ये ते ब्रिटनला आले. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला कितीतरी जागा पायऱ्यांनी आधीच बंद केलेल्या असतात. त्यांच्या बाबतीत त्यावर सरकारी हुकुमाची भर पडली होती. कातडीच्या रंगावरून माणसांना वेगळे ठेवणारी व्यवस्था ज्याने पाहिली, त्याला शरीराच्या घडणीवरून माणसांना वेगळे ठेवणारी व्यवस्था ओळखायला वेळ लागला नाही.

या संघटनेने १९७६ मध्ये आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा सारांश असा : शरीरातली उणीव ही एक गोष्ट, आणि त्या माणसाला अपंग करणारी समाजाची रचना ही दुसरी. पाय चालत नाही ही उणीव. स्टेशनला फक्त जिनाच बांधला, हे अपंगत्व लादणे. पुढे १९८३ मध्ये मायकेल ऑलिव्हर या अपंग समाजशास्त्रज्ञाने या विचाराला 'सोशल मॉडेल' असे नाव दिले.

आंबेडकरी विचारात वाढलेल्या कुणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल. दोष जन्मात नसतो, तो जन्मावर श्रेणी लादणाऱ्या व्यवस्थेत असतो, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हे तथागतांनी त्याच्या कितीतरी आधी सांगितले. मागच्या जन्मीचे पाप म्हणून पाय गेला, असे सांगणारा आणि मागच्या जन्मीचे पाप म्हणून महाराच्या पोटी आलास, असे सांगणारा माणूस एकच असतो. कर्मविपाकाच्या या सिद्धांताने जातीला जेवढे बळ दिले, तेवढेच अपंगांच्या अवहेलनेलाही दिले.

पण नुसती मांडणी करून ब्रिटनमध्येही काही मिळाले नाही. १९९० आणि १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवर अपंगांसाठी देणग्या गोळा करणारे मोठे कार्यक्रम झाले, तेव्हा अपंग कार्यकर्त्यांनी स्टुडिओबाहेर निदर्शने केली. आम्हाला दान नको, हक्क हवेत, ही त्यांची भूमिका होती. दयेचा धिक्कार करणारे त्यांचे घोषवाक्य इतके झणझणीत होते की सभ्य लोक ते छापायला कचरत. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'डायरेक्ट अ‍ॅक्शन नेटवर्क'च्या कार्यकर्त्यांनी बसगाड्यांना स्वतःला बेड्यांनी जखडून घेतले, रस्ते अडवले, अटका झेलल्या. ज्या बसमध्ये चढता येत नाही ती पुढेही जाणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ. १९९५ मध्ये भेदभावविरोधी कायदा झाला. १९९८ मध्ये रेल्वेच्या डब्यांसाठी नियम आले. १ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या प्रवासी गाड्या या नियमांत बसल्या पाहिजेत, अशी मुदत घालण्यात आली. मुदत उलटली तरी काही गाड्यांना सवलत द्यावी लागली, हेही लक्षात ठेवू. हा आहे त्या 'संस्कृती'चा इतिहास.

कायदा झाला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. परतीच्या एका प्रवासात आम्ही उतरायच्या स्टेशनवर पोहोचलो, दारे उघडली आणि फलाटावर रॅम्प घेऊन कुणीच नव्हते. नोंद होती, गाडी वेळेवर होती, माणूस नव्हता. आम्ही खुर्ची धरून दारात उभ्या. एका सहप्रवाशाने पळत जाऊन गार्डला आणले, त्याने रॅम्प शोधला, लावला. सहा-सात मिनिटे गेली. तेवढ्यात गाडीत घोषणा झाली की एका प्रवाशाला मदत करायची असल्याने उशीर होत आहे. डब्यातल्या नजरा आमच्याकडे वळल्या. आईने विचारले, काय सांगितले? आम्ही मराठीत सांगितले. आई म्हणाली, "उशीर माह्यामुळं नाही झाला. ज्याची ड्यूटी होती तो आला नाही म्हून झाला. हे सांग त्यायले." आम्ही गार्डला ते इंग्रजीत सांगितले. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, त्या फलाटावर आता माणसेच कमी आहेत.

कंपनी कुठली, स्टेशन कुठले, याने फरक पडत नाही, कारण हे आमच्याच वाट्याला आलेले नाही. टॅनी ग्रे-थॉम्पसन हे नाव ब्रिटनमध्ये घराघरात माहीत आहे. पॅरालिंपिकमध्ये ११ सुवर्णपदके, आणि आता ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या पॅरिसच्या पॅरालिंपिकला निघाल्या होत्या. लीड्सहून लंडनच्या किंग्ज क्रॉसला रात्री पोहोचल्या. उतरवायला कुणी आले नाही. शेवटी त्यांनी सामान फलाटावर टाकले आणि स्वतः सरपटत गाडीतून उतरल्या. ज्या सभागृहात कायदे होतात तिथे बसणाऱ्या बाईंना फलाटावर सरपटावे लागते, तर आमच्या आईसारख्या कामगार बाईचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

इथे दोन मुद्दे आहेत. पहिला कामगारांचा. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांनी स्टेशनांवरच्या शेकडो तिकीट खिडक्या बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. तिकिटे आता मोबाइलवर निघतात, असे कारण दिले गेले. कामगार संघटना आणि अपंगांच्या संघटना त्याविरुद्ध एकत्र उभ्या राहिल्या. खिडकीतला माणूस फक्त तिकीट देत नाही. रॅम्पही तोच लावतो, अंध प्रवाशाला फलाटही तोच दाखवतो. लोकांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर हरकती नोंदवल्या की त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सरकारला प्रस्ताव मागे घ्यायला लावावा लागला. कर्मचारी कपात आणि खासगीकरण याकडे आपण आरक्षित नोकऱ्या जाण्याच्या दृष्टीने पाहतो, ते बरोबरच आहे. पण ती नोकरी गेली की दुसऱ्या एखाद्या वंचिताचा प्रवासही जातो, हेही आपल्या मांडणीत यायला हवे.

दुसरा मुद्दा रचनेचा. माणसाने आणून लावायचा रॅम्प हा तात्पुरता उपाय आहे. फलाट आणि डब्याचा तळ एका पातळीवर आणला, फट बुजवली, तर नोंदही नको आणि वाट पाहणेही नको. हे अशक्य नाही. लंडनची डॉकलँड्स रेल्वे १९८७ पासून सुरुवातीपासूनच विनापायरी आहे. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गावरच्या सर्व ४१ स्टेशनांवर फलाटापर्यंत पायरी नाही, आणि मधल्या भुयारी टप्प्यात खुर्ची थेट डब्यात जाते. कुणी म्हणेल, नवे बांधले म्हणून जमले. पण लिव्हरपूल भागातली रेल्वे जुनी आहे, आणि तिथे २०२३ पासून आलेल्या गाड्यांच्या दारातून एक फळी सरकून बाहेर येते आणि फट झाकते. एलिझाबेथ मार्गावर आईने खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत डब्यात नेली. आम्हाला हात लावू दिला नाही.

आपल्याला हा विषय परका का नाही, हे सांगायला मसूर स्टेशन पुरेसे आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा लहानपणीचा प्रवास सांगितला आहे. वडिलांकडे कोरेगावला निघालेली मुले रेल्वेने मसूरला पोहोचली. गाडीत त्यांना कुणी अडवले नाही. तिकीट होते, कपडे चांगले होते. जात कळली आणि स्टेशनमास्तरची नजर बदलली; बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रेल्वे सगळ्यांची होती, पण स्टेशन ते घर हा रस्ता सगळ्यांचा नव्हता. प्रवास ही साखळी असते आणि तिची एक कडी तुटली की बाकीच्या शाबूत कड्यांचा उपयोग नसतो. लंडनच्या नकाशावरचे ते पांढरे गोल पाहताना आम्हाला मसूरच आठवत होते.

आणि आपल्याकडे? आपल्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत अपंगांसाठीचा कप्पा आजही गाडीच्या टोकाला, गार्ड आणि सामानाच्या डब्यालाच जोडलेला असतो. गार्डला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' असे नवे नाव मिळाले, अपंगांनाही 'दिव्यांग' असे नवे नाव मिळाले. डब्याची जागा बदलली नाही. नाव गोड द्यायचे आणि जागा गावाबाहेर ठेवायची, ही रीत आपल्याला 'हरिजन' या शब्दापासून माहीत आहे. आपल्याकडे २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी खटल्यात स्पष्ट केले आहे. कायद्याची कमी नाही. कमी आहे ती बसला स्वतःला जखडून घेणाऱ्यांची, आणि त्यांच्या बाजूला उभे राहणाऱ्या चळवळींची.

म्हणून मित्रांनो, दोन विनंत्या.

तुमच्यापैकी अनेक जण राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर किंवा स्वतःच्या हिमतीवर परदेशी शिकायला जाता. तिथल्या स्टेशनवर रॅम्प दिसला की त्याचा फोटो जरूर पाठवा, पण सोबत हेही शोधून पाठवा की तो कधी आला, कुणाच्या लढ्याने आला आणि आजही कुठल्या स्टेशनवर नाही. ती माहिती इथे लढताना हत्यार म्हणून उपयोगी पडते. नुसते कौतुक उपयोगी पडत नाही.

दुसरी विनंती आपल्या घरातली आहे. शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांना चालताना काठीचा आणि नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे. दीक्षेचा सोहळा त्यांनी त्याच थकलेल्या शरीराने पार पाडला. त्यांच्या जयंतीच्या मंचाला आपण सात-आठ पायऱ्या करतो आणि शेजारी उतार करत नाही. विहाराचा जोता उंच बांधतो, कारण तो भव्य दिसतो. येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत वर्गणी, मंडप आणि वक्ते यांच्याबरोबर उताराचा विषयही घ्या. लाकडी फळ्यांचा चालेल, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला विचारून, त्याने सांगितलेल्या चढणीचा करा. त्याला चौघांनी उचलून वर नेऊ नका. उचलून नेलेला माणूस पाहुणा असतो, स्वतः चढलेला माणूस कार्यकर्ता असतो.

जय भीम.